साडेपाचचा भात

रंभा शेडगे हिचं घड्याळावाचून कधी फारसं अडलं नव्हतं. रोह्याच्या अलीकडे, रुळांना लागून तिचं गाव. सकाळची गाडी शिटी मारून गेली की चूल पेटायची, कंपनीचा भोंगा झाला की नवरा काळुराम सायकलवर टांग टाकायचा, आणि पडवीतलं ऊन उखळापाशी आलं की जेवणाची वेळ. भिंतीवर घड्याळ होतं, नाही असं नाही. काळुरामाला शिफ्टला उशीर होऊ नये म्हणून ते दहा मिनिटं पुढे ठेवलं होतं, आणि ते पुढे आहे हे काळुरामाला माहीत असल्यामुळे त्याला उशीर व्हायचाच. अशा घरातल्या बाईने पन्नाशीला टेकल्यावर जपानी भाषेत वेळ सांगायला शिकायचं मनावर घेतलं, तेव्हा गाव हसलं. गावाची त्यात काही चूक नव्हती.

कारण होता तिचा मुलगा जितेश. तो जपानात म्हाताऱ्या माणसांची देखभाल करायच्या नोकरीवर गेला आणि तिथेच हारुका नावाच्या मुलीवर त्याचा जीव जडला. लग्न मात्र गावात, दारात मांडव घालून करायचं हे दोघांनी आधीच ठरवून टाकलं होतं. मुलगी रंभाला फोनवर बघताक्षणी आवडली. ती हात जोडायची, हसायची, रंभाही हसायची. पण हसण्यापुढे गाडी सरकत नव्हती. रंभा काहीतरी बोलायची, ते जितेश तिकडे द्यायचा, आणि तिकडचं उत्तर इकडे आणायचा. हा पोरगा मधल्यामधे निम्मं गिळतो असा तिला दाट संशय होता.

"मी एवढं भरभरून बोलले, नि तू दोन शब्दांत आटपलंस?" ती विचारायची.

"अगं, त्यांच्यात तेवढंच असतं."

"काय तेवढंच असतं! मी तिच्या आईच्या गुडघ्यांची चौकशी केली. गुडघे सांगितलेस काय?"

गुडघे सांगितलेले नसायचे.

हसण्यावारी न्यायची गोष्ट होती, पण रंभाला आत कुठेतरी ते लागत होतं. मुलगा राहणार तिकडे, सून तिकडची, उद्या नातवंडं होतील तीही तिकडचीच. मग जन्मभर आपण जितेशच्या तोंडाकडे बघत बसायचं? एक तरी गोष्ट आपल्या तोंडाने सांगता आली पाहिजे, आणि ती समोरच्या माणसाला कळली पाहिजे. तेवढं जमलं तर पुढचंही जमेल. नाही जमलं तर ह्या नात्यात आपण कायम दाराबाहेरच.

ती गोष्ट कोणती हे ठरवायला तिला फार विचार करावा लागला नाही. शेडग्यांच्या घरात रीत होती, वरमाईने लग्नाच्या दोन दिवस आधी स्वतः जाऊन विहिणीला हळदकुंकू लावायचं, ओटी भरायची, आणि दिवस-वेळ सांगून आवतण द्यायचं. हारुकाला वडील नव्हते, आई एकटी येणार होती.

"मी येतो ना बरोबर. मी सांगतो," जितेश म्हणाला.

"विहिणीला आवतण पोराच्या तोंडून देतात व्हय? तू नवरदेव हायस, गप घरात बस."

शिकवायला माणूस मिळाला तो पेणेत. इझिकेल पेणकर दर वर्षी रंभाकडून तांदूळ आणि वाल घ्यायचे. बोटीवर इंजिनाच्या कामात त्यांची हयात गेली होती, आणि त्यातली बरीचशी कोबेच्या बंदरात. त्यांचे सगळे भाऊबंद केव्हाच इस्रायलला गेले. हे आणि बायको रूथ तेवढे पेणेत राहिले, कारण रूथबाईंना म्हणे तिकडचे मासे आवडत नाहीत. वाल पोचवायला गेलेल्या रंभाने सहज विषय काढला, आणि म्हातारा खुर्चीतून उठूनच उभा राहिला.

"जपानी? अगं, मला विचार की! पण शनिवारी यायचं नाही. शनिवारी आमचा शब्बाथ, कामाला सुट्टी."

"मला जास्त नको, शेठ. 'परवा साडेपाचला या' एवढं एकच वाक्य शिकवा."

"एका वाक्यासाठी पेणेपर्यंत गाडीभाडं घालवणार? आख्खं घड्याळ शिक. माझ्या भावाची नातवंडं फोनवर येतात तेव्हा मराठी एक शब्द कळत नाही त्यांना. मी विचारतो, तिकडे किती वाजले? तेवढं त्यांच्या भाषेत येतं मला. आणि ती पोरं रोज तेच उत्तर द्यायला धावत येतात."

मग रंभा पेणेला जाऊ लागली. पहिल्याच दिवशी इझिकेलशेठनी वार शिकवले आणि तिची भीती निम्मी पळवली. जपानी लोकांचा सोमवारसुद्धा चंद्राचा, मंगळवार मंगळाचा, आणि रविवार सूर्याचा. "म्हणजे आपलेच वार की हो, फक्त नावं बदलून राहतायत!" रंभा म्हणाली. आणखी एक शब्द तर तिला शिकावाही लागला नाही. 'हो'ला जपानीत 'हाइ' म्हणतात. "हाय? आम्ही दुसरं काय म्हणतो?" असं म्हणून ती रूथबाईंकडे बघून अशी हसली, की रूथबाईंनी तिच्यापुढे दुसरा चहा ठेवला.

वाजण्याचं प्रकरण मात्र खडतर होतं. आकड्याला 'जी' जोडला की इतके वाजले, असा नियम. रंभाला आधी वाटलं, केवढे सभ्य लोक, वेळेलासुद्धा जी म्हणतात. दोन वाजता म्हणजे 'निजी'. हे तिच्या डोक्यात चटकन बसलं, कारण दुपारी दोनला जेवून माणूस निजतोच. तीन म्हणजे 'सानजी', इथे तिने वाद घातला.

"तीनला कसली सांज?"

"सांज नाही, सानजी."

"तेच ते. तिकडं सूर्य आधी उगवतो, मग सांजपण आधीच व्हायची." आणि ह्या हिशेबाने तीनही पाठ झाले.

साडेच्या बाबतीत तिने म्हाताऱ्याला घाम फोडला. साडे म्हणजे 'हान', पण तो मागून लावायचा. पाच वाजता 'गोजी', साडेपाच म्हणजे 'गोजी हान'. रंभाच्या जिभेवर साडे जन्मापासून पुढे बसलेला, ती दर वेळी 'हान गोजी' म्हणायची. "अगं, शेपूट मागे असतं!" असं शेठ ओरडायचे. शेपूट मागे गेलं तेव्हा 'जी' गळू लागला. त्यावर तिचं म्हणणं असं, की आपण तरी साडेपाचला ये म्हणतो, साडेपाच वाजता ये असं कोण म्हणतं? साडे आला की वेळच, दुसरं काय असणार? तिचं म्हणणं पेणेत आणि रोह्यात अगदी बरोबर होतं.

मुहूर्तानेही घोळ घातलाच होता. आधी साडेपाच म्हणालेल्या भटजींनी नंतर नेमकी पाच वाजून बत्तीस मिनिटं काढून दिली. जपानी मिनिटं कधी 'फुन' असतात, कधी 'पुन', आणि कशाला काय लावायचं ते रंभाच्या काही केल्या लक्षात राहीना. ती तडक भटजींकडे गेली.

"बत्तीसचे तीस करा."

"बाई, मुहूर्त काय बाजारातला भाव आहे?"

"मला बत्तीस बोलता येत नाय हो." शेवटी इझिकेलशेठनीच तोड काढली, की पाहुण्यांना दोन मिनिटं आधी बोलवावं, मुहूर्त बत्तीसलाच लागू दे.

राहिला 'परवा'. जपानीत परवा दोन निघाले. गेलेला परवा 'ओतोतोइ', आणि येणारा परवा 'असात्ते'. रंभाला ही उधळपट्टी वाटली. "दोन कशाला? बोलण्यावरून कळतंय की गेलेला का येणारा." पण शिकली. भाकऱ्या थापताना, वाल निवडताना, नळावर हंडा भरेपर्यंत ती पुटपुटत राहायची, असात्ते, गोजी हान, किते कुदासाइ. शेवटचे दोन शब्द म्हणजे 'कृपा करून या'. काळुराम शेजाऱ्यांना सांगायचा, बायको मंतर शिकतेय, जपून राहा.

डिसेंबरात पाहुण्या आल्या. त्यांची सोय कोलाडला नदीकाठच्या हॉटेलात केली होती. ठरलेल्या दिवशी रंभा नारळ, खण आणि कुंकवाचा करंडा घेऊन निघाली. बरोबर साक्षीला मोठी जाऊ चंद्रावती. चंद्रावतीबाय म्हणजे घराण्याच्या सगळ्या रीतींची रखवालदार. जितेश हारुकाला हिरव्या बांगड्या भरायला रोह्याला घेऊन गेला होता, तेव्हा मधे बोलायला कुणीच नव्हतं. हेच तर रंभाला हवं होतं, आणि ह्याचीच तिला धास्तीही होती.

विहीण, साचिकोबाई, ठेंगणी, गोरीपान, केस पांढरे झालेली. ती दारातच कमरेत वाकली. रंभाही वाकली. मग ती पुन्हा वाकली, रंभाही पुन्हा. चंद्रावतीबाय म्हणाली, "पुरे गो, नायतर मुहूर्त इथंच टळेल." रंभाने कुंकू लावलं, ओटी भरली, घसा साफ केला, आणि एवढ्या दिवसांची मेहनत एका दमात बाहेर काढली.

"असात्ते, गो हान, किते कुदासाइ!"

'जी' राहिला. रंभाच्या ध्यानातही आलं नाही.

साचिकोबाईंचे डोळे विस्फारले, मग चेहरा उजळला. त्यांनी मान किंचित कलती करून सावकाश विचारलं, "असात्ते... असागोहान?"

आपलाच शब्द ती घोकून पक्का करतेय असं रंभाला वाटलं. असात्ते आला, गो हानही आला. आणखी काय पाहिजे? "हाय! हाय!" ती म्हणाली.

"हाइ!" साचिकोबाई म्हणाल्या, आणि दोघी पुन्हा वाकल्या.

परतीच्या रिक्षात रंभाचे पाय जमिनीला लागत नव्हते. चंद्रावतीबाय सहसा कुणाची तारीफ करत नाही, पण तीसुद्धा म्हणाली, "बोललीस गो बाय. एका शब्दाला अडली नाय ती." त्या रात्री रंभाने जेवताना काळुरामाला तो प्रसंग तीनदा ऐकवला, आणि तिसऱ्यांदा सांगताना वाक्य चांगलंच लांब झालं होतं.

लग्नाचा दिवस उजाडला. सकाळची गाडी नुकतीच गेली होती. मांडवात खुर्च्या उतरवत होते, ओट्यावर बायका मोड आलेले वाल सोलायला बसायच्या होत्या, आणि रंभा जुनेरं नेसून, ओले केस टॉवेलात गुंडाळून, रात्रीच्या उरलेल्या भाताला फोडणी देत होती. घरातल्यांनी तेवढं खाल्लं की कामाला लागायचं. तेवढ्यात बाहेर रिक्षा थांबली, आणि मांडवातला गलका एकदम बंद पडला.

साचिकोबाई आल्या होत्या. एकट्या. अंगावर जांभळा किमोनो, कमरेला रुंद सोनेरी पट्टा, हातात कापडात बांधलेली भेट. दाराशी चपला काढून, नीट जुळवून ठेवून, त्या कमरेत वाकल्या.

रंभाच्या हातातला उलथणा तसाच राहिला. मुहूर्त संध्याकाळचा. ही बाई सकाळी सात वाजता नटून दारात. म्हणजे आपण सांगितलेलं कळलंच नाही. एवढं घोकून, एवढं गाडीभाडं घालवून, जे सांगायचं तेच कळलं नाही. तिचे डोळे भरून आले. फोडणीतल्या मिरचीवर ढकलायची सोय होती म्हणून बरं.

"आता काय?" चंद्रावतीबाय कुजबुजली. "विहिणीची पहिली पंगत, नि घरात शिळा भात? अगो, झाक तो टोप!"

पण साचिकोबाईंनी तो बघितला होता. त्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत आल्या, वास घेतला, आणि ओळखीचं माणूस भेटल्यासारखं टोपाकडे बोट करून म्हणाल्या, "गोहान!"

रंभा चक्रावली. तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे उलथणा दाखवला. "गो हान!" मग काट्यावर उलथणा फिरवून साडेपाचपाशी आणला. "गो. हान."

साचिकोबाईंनी घड्याळ बघितलं. टोप बघितला. पुन्हा घड्याळ बघितलं. आणि तोंडावर हात ठेवून मटकन पाटावर बसल्या. खांदे हलत होते. ती रडते की हसते हे चंद्रावतीबायला कळेना. मग त्यांनी एकेक बोट मोडून, लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. टोपाकडे हात, "गोहान." घड्याळाकडे हात, "गो-जी-हान."

रंभाने कपाळावर हात मारला. "जी राह्यला गो बाय माझा!"

जपानीत 'गोहान' म्हणजे भात, भात म्हणजेच जेवण, आणि 'असागोहान' म्हणजे सकाळची न्याहारी. रंभाने विहिणीला हळदकुंकू लावून, ओटी भरून, परवा सकाळी भात खायला या असं रीतसर आवतण दिलं होतं. विहिणीने ते मनापासून पाळलं होतं. हारुकालाही तिने सांगितलं, तेव्हा ही इथल्या लग्नातली एखादी रीत असेल असं समजून मुलीनेच रिक्षा बोलावून दिली होती.

मग रंभाचं हसू फुटलं ते थांबेना. टॉवेल सुटला, ओले केस पाठीवर आले, दोघी एकमेकींचे हात धरून हसत सुटल्या. सांगितलेलं कळलं होतं की! आपण जे बोललो होतो, तेच तिला अगदी बरोबर कळलं होतं. चूक बोलणाऱ्या तोंडाची होती, ऐकणाऱ्या कानाची नव्हती. एवढं ध्यानात येताच रंभाचं सगळं दुःख पळालं आणि तिने पितळी पुढे केली.

साचिकोबाई फोडणीचा भात दोनदा मागून जेवल्या. भांडी झाल्यावर त्यांनी किमोनोच्या बाह्या दोरीने पाठीशी बांधल्या आणि वाल सोलायला ओट्यावर बसल्या. त्यांची बोटं अशी सराईत चालत होती की बायका बघत राहिल्या. शेंगा, दाणे, सोलणं हे तिकडेही असणारच, पण हे गावात कुणाच्या मनात आलेलं नव्हतं. दुपारपर्यंत त्यांची 'साचीबाय' झाली.

सोलता सोलता दोघींचं बोलणं चाललं होतं. रंभाकडे घड्याळ आणि वार, साचीबायकडे हात आणि चेहरा. साचीबायने कुंकवाचं बोट कपाळाला लावून दाखवलं आणि मागे हात केला, "ओतोतोइ." म्हणजे आवतणाचा दिवस. "परवा," रंभा म्हणाली. मग साचीबायने विमानासारखा हात उडवून पुढे केला, "असात्ते." म्हणजे परतीचा दिवस. "परवा," रंभा पुन्हा म्हणाली. साचीबाय थबकली. मागे हात, परवा? पुढे हात, परवा? "हाय, हाय," रंभा म्हणाली, "दोन्हीपण परवाच." साचीबायला हे इतकं नवल वाटलं की तिने वालाचा दाणा हातात तसाच धरून ते चार-पाचदा म्हणून बघितलं.

एवढ्यात हळद लागलेला जितेश शेजारच्या घरातून धावत आला. "आई, मला कुणी सांगितलं नाही त्या आल्यायत ते! थांब, मी बोलतो त्यांच्याशी. काय विचारायचंय?"

"काय नाय. तू जा. माझं गुडघ्यांचं विचारून झालं."

संध्याकाळी मांडव भरला. मंगलाष्टकं म्हणायला भटजी उभे राहिले, अंतरपाट धरला, अक्षता वाटून झाल्या. बरोबर साडेपाच झाले, तशी पुढच्या रांगेतून साचीबाय उठली आणि वरमाईकडे बघून खणखणीत आवाजात ओरडली, "रंभासान! गोहान!"

"विहीणबाईंना भूक लागली वाटतं," कुणीतरी म्हणालं. "अरे, आधी त्यांना भात वाढा!" वाढपी खरंच ताट घेऊन धावला. आख्ख्या मांडवात दोघीच पोट धरून हसत होत्या, आणि भटजींची दोन मिनिटं त्यात कुठे गेली कळलंसुद्धा नाही.

निघायच्या दिवशी मांडव उतरवलेला होता. अंगणात गाडी उभी. तिघं निघणार, त्यातला एक तिचा मुलगा. रंभाने तांदूळ, सोललेले वाल आणि लोणचं असं एवढं बांधून दिलं होतं की काळुराम आणि ड्रायव्हर डिकीशी झगडत होते. साचीबायने रंभाचे दोन्ही हात धरले. रंभाने विचारलं, "नान्जी?"

नान्जी म्हणजे किती वाजता. पुन्हा कधी येशील हे तिला विचारायचं होतं, पण तिच्याकडे होतं ते घड्याळच.

हारुकाने मधे तोंड घातलं, सुट्टीचं, तिकिटांचं काहीतरी ती सांगू लागली. साचीबायने तिला हाताने थांबवलं. रंभाकडे बघितलं, आणि स्वच्छ मराठीत म्हणाली, "परवा."

"आई, त्यांचा शब्द चुकला," जितेश समजावू लागला. "लग्न परवा झालं ना, ते म्हणायचंय त्यांना. ओतोतोइ."

"गप रे," रंभा म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात मोकळे नव्हते. "तुला नाय कळायचं. ती येणाऱ्या परवाचं सांगतेय."